माल वरून येतो

माझ्या साडूने स्वतःच्या हाताने भिंतीवर तीन फळ्या लावल्या, ही बातमी आमच्या घरात आली तेव्हा मी दाढी करत होतो. बातमी बायकोने आणली, तीही फोन कानाला तसाच ठेवून, म्हणजे पलीकडे मेहुणीचं बोलणं अजून चालूच होतं.

"अहो, ऐकलंत का? भाऊजींनी ड्रिल मशीन आणलं! ही आईकडे राहायला गेली होती, परत येऊन बघते तर तीन फळ्या भिंतीवर. एकट्यानं लावल्या."

मी "वा!" म्हणालो. त्या "वा"पायी हनुवटी कापली.

सख्ख्या भावाशी तुलना होते तेव्हा निदान आईवडील तरी मध्ये पडतात. साडूंच्या बाबतीत ती सोय नाही. दोघांनाही एकाच तराजूत बसवलेलं असतं आणि तराजू दोन बहिणींच्या हातात. साडूला बढती मिळाली की मी काहीही न करता खाली येतो. तो सकाळी पळायला लागला तेव्हा माझं पोट सुटलेलं असल्याचा शोध लागला. तोपर्यंत ते बिचारं कुणाच्या डोळ्यांवर आलं नव्हतं. आणि आता फळ्या. फळी आमच्याकडेही होती. विकत आणल्यापासून ती दाराआड उभी होती आणि तिला टेकून झाडू उभा होता. ह्या जोडीबद्दल आजवर कुणाची तक्रार नव्हती.

पुढच्याच रविवारी आम्हांला फळ्या बघायला बोलावण्यात आलं. लोक बाळ बघायला जातात, नवी गाडी बघायला जातात. आम्ही फळ्या बघायला गेलो. मेहुणीने एक भिंत हौसेने जांभळी रंगवून घेतली आहे, तिच्यावर त्या तीन फळ्या अशा सरळ बसल्या होत्या की बघून माझ्या पोटात दुखायलाच लागलं. बायकोने फळीखालून हळूच हात फिरवला, एकदा साडूकडे पाहिलं आणि म्हणाली, "हातात कला आहे हो भाऊजींच्या."

हे वाक्य मला लागलं. ते खोटं होतं म्हणून नव्हे, तर इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या हातांबद्दल तिने काढलेला एकमेव उद्गार "आधी धुवून या" हा होता म्हणून. मी तिथेच ठरवलं की हे वाक्य एकदा तरी माझ्याबद्दल ऐकायचं, आणि ऐकायचं ते साडूच्या समोर.

तरी मी मोठ्या मनाने अभिमान गिळला. म्हटलं, "साडू, एक दिवसापुरतं द्या की मशीन. आमचीही फळी उरकून टाकतो."

"अहो, लगेच दिलं असतं," साडू चहाचा कप न ठेवताच म्हणाला, "पण ते सर्व्हिसिंगला दिलंय."

"नव्या मशीनला सर्व्हिसिंग?"

"पहिलं लवकर करावं लागतं. गाडीसारखं."

किती सहज म्हणाला! मी काही दूधखुळा नाही. "देत नाही" हे सरळ सांगायला जीभ उचलत नाही तेव्हा माणसं वस्तू सर्व्हिसिंगला पाठवतात, हे मला कळतं. घरी येताना मी बायकोला सांगून टाकलं की आपण आपलं स्वतःचं मशीन घ्यायचं.

"एका फळीसाठी?" ती म्हणाली. "त्यापेक्षा सुताराला बोलवा ना."

"सुतार?" मी म्हणालो. "त्याच्याकडे सुतार आला होता का?"



आता मशीन घ्यायचं म्हणजे साडूच्या मशीनपेक्षा सरस हवं, हे ओघानेच आलं. पण सरस कशाला म्हणायचं? आमच्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहतात. कुठल्याशा कारखान्यात त्यांची हयात गेली आणि तिथून ते फक्त एकच गोष्ट बरोबर घेऊन आले, ती म्हणजे फेऱ्या मोजण्याची सवय. पंखा असो, मिक्सर असो, ते बघतात आणि मिनिटाला किती फेऱ्या पडतात ते सांगतात. म्हणून त्यांना सगळे आरपीएमकाका म्हणतात. मी सल्ला मागितला नव्हता. जिन्यात "ड्रिल" एवढा शब्द मी उच्चारला आणि ते चपला घालून बाहेर आले.

"हे बघा, आत वाइंडिंग असतं. ते तांब्याचं पाहिजे. आजकाल ॲल्युमिनियम घालतात आणि वरून चकचकीत डबा देतात. ओळखायचं कसं? वजनावरून! तांबं जड असतं. आणि लोहचुंबक न्या बरोबर."

"लोहचुंबक कशाला?"

"असू द्या. दुकानदार वचकून राहतो."

त्याप्रमाणे मी स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि फ्रिजवरचं स्ट्रॉबेरीच्या आकाराचं लोहचुंबक पिशवीत घालून नाक्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो. दुकानदाराने काउंटरवर तीन मशीनं ठेवली. मी काटा काढला. मागे खिळे निवडत बसलेल्या त्याच्या भावाने काम थांबवलं. मी एकेक मशीन तोललं. तिन्हींची वजनं सारखी भरली. मग स्ट्रॉबेरी लावून पाहिली. ती एकाही मशीनला चिकटली नाही, काउंटरच्या लोखंडी पट्टीला मात्र अशी चिकटली की सोडवताना तिचं हिरवं देठ तुटलं.

"साहेब, हे घ्या," दुकानदार एका मशीनवर हात ठेवून म्हणाला. "सगळीकडे हेच चालतं. हॅमर आहे, पुढे-मागे दोन्हीकडे फिरतं, गॅरंटी आहे."

डब्यावरचं नाव मी वाचलं. हीच कंपनी साडूने फोनवर सांगितली होती. माझा रस तत्क्षणी संपला. "हे तुम्ही आणता कुठून?" मी विचारलं.

"माल वरून येतो."

"वरून म्हणजे?"

"वरून म्हणजे होलसेलकडून. आम्ही काय, आला की लावतो."

त्या क्षणी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. साडूने दुकानातून घेतलं होतं. म्हणजे माल वरून खाली येता येता जो उरलासुरला असेल, तो त्याला मिळाला. मी जर वरच गेलो तर? चार लोकांचे हात लागायच्या आधीच निवडलेलं, ताजं मशीन! भाजी घेताना आपण हेच करतो. भाजीच्या न्यायाने यंत्रं घेऊ नयेत, हे तेव्हा मला सांगायला कुणी नव्हतं. होतं ते आरपीएमकाका, आणि त्यांना ही कल्पना फारच पसंत पडली.

मी कचेरीतून रजा घेतली. होलसेलवाल्याची पेढी जुन्या बाजारात, इतक्या अरुंद गल्लीत होती की हातगाडी आली की गिऱ्हाइकाने दुकानात शिरायचं, खरेदी असो वा नसो. पेढीवरच्या माणसाने मला "कुठलं दुकान?" असं विचारलं. मी "घरगुती" म्हणालो. त्याने चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडे नीट पाहिलं.

"आम्ही एकेक पीस देत नाही. पेटी घ्यावी लागेल."

"पण तुमचा माल येतो कुठून?"

"वरून."

हा शब्द मी पुढे इतक्या वेळा ऐकला की मान आपोआप वर जायला लागली. होलसेलच्या वर वितरक होता. वितरकाचं ऑफिस काचेचं होतं आणि तिथल्या बाईंनी मला सोफ्यावर बसवून पाणी दिलं, कारण त्यांना मी कंपनीचा माणूस वाटलो. मी नाही म्हणालो नाही. माणसाला आयुष्यात पाणी विचारलं जाण्याचे प्रसंग थोडे येतात. पण पाणी पिऊन झाल्यावर "मला एक ड्रिल हवंय" असं मी सांगितलं, तेव्हा त्यांनी ग्लास जरा घाईनेच उचलला आणि मला गावाबाहेरच्या गोडाऊनचा पत्ता दिला, मुख्यतः मी सोफ्यावरून उठावं म्हणून.

गोडाऊन बघून मात्र श्रमांचं सार्थक झालं. छतापर्यंत पेट्या! एका कोपऱ्यात दुकानांकडून परत आलेल्या मालाचा ढीग होता, उघडलेले डबे, वाकडी झाकणं. त्याच्याकडे मी तुच्छतेने बघून घेतलं. खालच्या लोकांचा माल, दुसरं काय. गोडाऊनच्या मुकादमाला मी माझी सगळी मोहीम सांगितली. दुकान, पेढी, काचेचं ऑफिस, तांबं, ॲल्युमिनियम, आणि साडू. साडूबद्दल जरा जास्तच सांगितलं असावं. मुकादमाने पूर्ण ऐकून घेतलं. मग इकडेतिकडे बघून तो हळूच म्हणाला, "सीलबंद पेटी मला फोडता येत नाही. पण तुम्ही इतके जाणकार आहात तर एक पीस आहे. वेगळा. थांबा."

तो ढिगाऱ्यापलीकडे गेला आणि डबा घेऊन आला. डब्यावर कंपनी साडूचीच होती. माझा चेहरा पडलेला पाहून तो म्हणाला, "नाव तेच, पण हा दुकानात जातच नाही." ह्यापुढे मला काही ऐकायचं नव्हतं. दुकानात त्याची जी किंमत होती तीच मी इथे मोजली आणि वर त्याचे आभारही मानले.

घरी डबा उघडायला आरपीएमकाका हजर होते. मशीनच्या खाचांमध्ये फिकट जांभळी पूड होती. "गंजू नये म्हणून कारखान्यात लावतात," काका म्हणाले. भोक पाडायचं बिट घट्ट करायची जी छोटी चावी असते, ती वायरीला पांढऱ्या नाडीने नीट बांधलेली होती, हरवू नये म्हणून, आणि नाडीचं एक टोक हिरवं होतं.

"बघा!" मी बायकोला हाक मारली. "ह्याला म्हणतात विचार. दुकानातल्या मालाला असली नाडी नसते."

"हिरवं टोक म्हणजे एक्स्पोर्ट क्वालिटी," काकांनी शिक्कामोर्तब केलं.

बायकोने नाडीचं हिरवं टोक दोन बोटांत धरून निरखलं आणि ती चहा टाकायला गेली.

आता भिंतीला भोक पाडायचं तर सोसायटीची परवानगी लागते. सेक्रेटरींच्या मते आमच्या इमारतीचं आयुष्य ठरावीक भोकांचं आहे आणि ती सगळी पहिल्याच पिढीने पाडून ठेवली आहेत. त्यांनी अर्ज मागितला. अर्जासोबत भिंतीचा नकाशा मागितला. नकाशात फळी दाखवली म्हणून तो परत केला, "भोकं दाखवा, फळी हा तुमचा खाजगी प्रश्न आहे." अखेर "चार भोकं, शनिवारी, दुपारची झोप सोडून" अशी मंजुरी मिळाली. मी तडक मेहुणीला फोन केला आणि रविवारी दोघांना चहाला बोलावलं. आता माघार नव्हती.

शनिवारी मी डोळ्यांवर पोहण्याचा चष्मा लावला, पेन्सिलने खुणा केल्या आणि मशीन सुरू केलं. आवाज असा झाला की खालच्या मजल्यावरचं कुत्रं पलंगाखाली गेलं आणि संध्याकाळपर्यंत आलं नाही. पण भोक पडेना. मी सगळा भार टाकला. भिंतीतून धूर आला, बिट लाल झालं, आणि खुणेच्या जागी भिंत नुसती गुळगुळीत झाली. काका दारात उभे राहून "आरपीएम उत्तम आहे" असं सांगत होते. मी दुसऱ्या खुणेवर गेलो, तिथेही तीच तऱ्हा. तिसऱ्या खुणेवर मी चिडून मशीन असं दाबलं की लिंबाएवढा गिलावा निसटून माझ्या पायावर पडला.

बायको चहा घेऊन आली. कप ठेवता ठेवता म्हणाली, "अहो, ह्या बटणावरचा बाण मागच्या बाजूला आहे. तो तसाच असतो का?"

मशीन उलटं फिरत होतं. कारखान्यातून ते उलटं करून का पाठवतात, हे मला कळलं नाही. मी बाण सरकवला आणि अहाहा! लोण्यात सुरी जावी तसं बिट भिंतीत गेलं. चारही भोकं पडली, त्यांत प्लास्टिकच्या गिट्ट्या बसल्या, स्क्रू बसले. लिंबाएवढा खड्डा मी टूथपेस्टने बुजवला, त्यामुळे खोलीला दोन दिवस तोंड धुतल्यासारखा वास येत होता. फळी उजवीकडे किंचित उतरती झाली होती, पण बायकोने डाव्या टोकाला बारकी बरणी आणि उजव्या टोकाला उंच बरणी ठेवून तेही सांभाळून घेतलं. मी खोलीच्या चारी कोपऱ्यांतून फळीकडे पाहिलं. खरं सांगतो, लग्नातल्या फोटोतही मी स्वतःला इतका चांगला वाटलो नव्हतो.

रविवारी साडू आणि मेहुणी आली. साडू फळीसमोर उभा राहिला, खाली वाकला, वर पाहिलं आणि "छान" म्हणाला. मला त्या "छान"मध्ये माझा जुना "वा" स्पष्ट ऐकू आला. पण मी तेवढ्यावर थांबलो नाही. थांबलो असतो तर ही गोष्टही थांबली असती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. मी डबा आणला, टीपॉयवर ठेवला आणि सुरुवात केली.

"लोक दुकानातून घेतात. माझं म्हणणं, मुळाशी जा! हे थेट गोडाऊनचं. दुकानात येतच नाही. वजन बघा. आणि ही नाडी बघा, चावी हरवू नये म्हणून. इतका बारीक विचार खालच्या मालात—"

"अय्या!" मेहुणी ओरडली. तिने नाडी बोटावर घेतली होती. "ही तर आमच्या चिमणीच्या बुटाची नाडी! हे बघ ताई, टोकाला हिरवा रंग. चित्र काढताना तिनंच सांडला होता. ह्यांनी त्या मशीनला बांधली आणि पोरगी एका बुटाला सुतळी बांधून शाळेत गेली. मी केवढी ओरडले होते!"

 मी साडूकडे पाहिलं. साडूचा चेहरा त्याच्या भिंतीच्या रंगाचा झाला होता. आणि मग मला सगळं एकदम दिसलं: जांभळी पूड, उलटा बाण, वाकड्या झाकणांचा ढीग. साडूने मशीन दुकानात परत केलं होतं. दुकानदाराने ते वर पाठवलं. आणि मी, रजा काढून, पायऱ्या चढत चढत वर गेलो होतो तो नेमका त्याला गाठायला. साडूचं टाकलेलं मशीन मी नव्याच्या भावात आणून त्यालाच दाखवत होतो.

एक वाक्य पुरे होतं. "तुमच्या ह्यांनी ते परत केलं होतं." साडू बायकोसमोर कायमचा खाली आला असता. पण त्यापाठोपाठ दुसरं वाक्य आलंच असतं, आणि ते माझ्याबद्दल असतं. त्याला खाली आणण्यासाठी मी किती खाली जायला तयार आहे, ह्याचा मी मनापासून विचार केला. बराच खाली, असं उत्तर येत होतं. मी तोंड उघडलं.

"अगं, भाऊजींचंच आहे ते!" बायको हसत म्हणाली. डबा घरात आला तेव्हा ती दारात उभी होती. तिला सगळं माहीत होतं. "सर्व्हिसिंगहून आलं तसं ह्यांनी मागून आणलं. तुझी थट्टा करत होते. गोडाऊन काय नि मूळ काय!"

"भाऊजी, तुम्ही पण ना!" मेहुणी खळखळून हसली. "मग काम झालं असेल तर नेऊ ना आम्ही? मला बाल्कनीत कुंड्यांची जाळी लावून घ्यायची आहे ह्यांच्याकडून."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. माझं मशीन मीच डब्यात भरायला बसलो. दोघी बहिणी बोलत दाराकडे गेल्या. साडू मदतीच्या निमित्ताने माझ्याजवळ वाकला आणि कुजबुजला, "साडू, उपकार झाले तुमचे. पैसे मी आणून देतो. पण एक सांगा, तुमच्याकडे भोकं पडली कशी? माझ्याकडे ते नुसतंच तापत होतं. म्हणून तर परत केलं."

मी थक्क झालो. "मग तुमच्या तीन फळ्या?"

त्याने दाराकडे पाहिलं. "सुतार," तो म्हणाला.

सुतार! म्हणजे अख्ख्या नात्यात स्वतःच्या हाताने फळी लावणारा साडू एकच होता, आणि तो मी होतो. एवढा आनंद मला पुष्कळ दिवसांत झाला नव्हता, आणि तो कुणाला सांगायची सोय नव्हती.

"दाबायचं," मी साडूला सांगितलं. "अंगातली सगळी ताकद लावून दाबायचं." आणि अंगठ्याने बाण हळूच मागे सरकवून मी झाकण लावलं.

ते जिना उतरले. मी खिडकीशी धावलो. साडूने डबा मागच्या सीटवर ठेवला आणि वर पट्टा लावला, तान्ह्या मुलाला लावावा तसा. माझं मशीन, माझी रजा, माझं तांबं! मी ते इतकं डोळे फाडून बघत होतो की मागे दारात बायको जिन्यातल्या बहिणीला काहीतरी ओरडून सांगत होती, त्यातले शेवटचे शब्दच कानावर पडले, "...कुणाला न बोलावता. ह्यांच्या हातात—"

पुढचं गाडीच्या आवाजात गेलं.

मी वळलो. "काय म्हणालीस? माझ्या हातात काय?"

"काही नाही," ती कप उचलत म्हणाली. "एकदा बोललेलं मी परत बोलत नसते. तुमचं लक्ष कुठे होतं?"

मी तिच्या मागे स्वयंपाकघरात गेलो, विनवण्या केल्या, कप विसळून दिले. व्यर्थ. तेवढ्यात बेल वाजली. दारात आरपीएमकाका.

"मशीन द्या जरा. पडद्याचा रॉड लावायचाय."

"सर्व्हिसिंगला दिलंय."

"नव्या मशीनला सर्व्हिसिंग?"

"पहिलं लवकर करावं लागतं. गाडीसारखं."

काका माझ्याकडे बघत राहिले. देत नाही, हे त्यांना कळलं होतं. ती नजर मला चांगली ओळखीची होती. ते निघून गेले आणि आत बायको भांड्यांच्या आवाजाआड हसली.

एवढं बोलताना मी दाराची कडी दहा वेळा खालीवर केली होती. हेच वाक्य साडू कप खाली न ठेवता म्हणाला होता. हातांचं जाऊ द्या, पण तोंडात कला आहे हो साडूच्या.